इतिहासाचा निबंध आणि आजोबांची साक्ष

इतिहासाच्या निबंधास बक्षीस लावावयाचें झालें, कीं आमच्याकडे विषय बहुधा ठरलेला असतो : एखादा थोर पुरुष आणि त्याचे गुण. मुलगा दोन पुस्तकें पुढें ठेवून विशेषणें गोळा करतो, वडील शेवटास एक सुभाषित जोडून देतात, आणि परीक्षक अक्षर पाहून गुण देतात. असे निबंध आम्हीं पुष्कळ तपासले आहेत. म्हणूनच जर्मनींतील एका स्पर्धेची रीत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

ही स्पर्धा राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान व हांबुर्गचे उद्योगपति कुर्ट क्योर्बर यांनीं १९७३ सालीं सुरू केली. दर दोन वर्षांनीं एक विषय जाहीर होतो. २१ वर्षांच्या आंतील विद्यार्थ्यानें तो आपल्या गांवाशीं किंवा घराण्याशीं जोडून घ्यावयाचा. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर मुलें दप्तरखान्यांत कागद चाळतात, वृद्धांस भेटून विचारतात. निबंधासोबत शोध कसा केला व कोठें अडलें, याचा वृत्तांतही द्यावा लागतो. उसन्या विशेषणांस तेथें वाव थोडाच.

१९८० सालीं विषय निघाला नात्सी राजवटींतील नित्याच्या जीवनाचा. डॅन्यूब, इन व इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरील पासाउ गांवीं आना रोसमुस नांवाच्या मुलीनें तो घेतला. आपल्या गांवानें विरोधच केला असेल, अशी तिची समजूत होती. कागद निराळेंच बोलूं लागले. प्रतिष्ठितांचीं नांवें नको तेथें आढळलीं. पुढें दप्तर पाहावयास मिळेना, तेव्हां तिनें न्यायालयांत दाद मागितली. १९८३ सालीं तिचें पुस्तक निघालें, १९८४ सालीं त्यास शोल भावंडांच्या नांवाचें पारितोषिक मिळालें. गांवांत मात्र शिव्या व धमक्या. १९९४ सालीं ती अमेरिकेस निघून गेली.

आतां कोणी गृहस्थ विचारतील, वडील माणसांची उलटतपासणी मुलांनीं करावी काय? प्रश्न पोकळ नाहीं. आजोबांच्या पंक्तीस जेवावयाचें आणि वहींत त्यांच्या पिढीविषयीं अप्रिय लिहावयाचें, हें कठिणच. परंतु पिता म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान देत आहे हें पाहून नचिकेत्यानें त्यास प्रश्न केला, तो उद्धटपणा असें आपल्या परंपरेनें मानलें नाहीं. श्रद्धा उपजली म्हणूनच त्यानें विचारलें, असें कठोपनिषद सांगतें. (पिता रागावला, हेंही तेथेंच आहे.)

आमच्याकडील एखाद्या शाळेस असा प्रयोग करावयाचा असेल, तर विषय दूर शोधावयास नको. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालीं झाला, हें पाठ्यपुस्तकांत सांपडेल. आपल्या आळींतील विहिरीवर कोणास पाणी भरूं देत नसत, आणि ती सर्वांस केव्हां खुली झाली, तें घरांतील वृद्धांस विचारून, ग्रामपंचायतीचे कागद पाहून मुलांनीं लिहावें.