धुरातील धातू आणि श्वासाची राखण

ठाण्यातील खोपटच्या एसटी स्थानकाला पहाटेच जाग येते. गाडी लागायला वेळ असतो, हातातला चहा संपलेला असतो आणि जवळच्या पानटपरीवर कोणीतरी सिगारेट वा विडी शिलगावतो. शेजारी दप्तर सावरीत उभा असलेला शाळकरी मुलगा तोच धूर छातीत घेतो. पाहणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. ‘धूरच तो, वाऱ्यावर विरून जातो,’ अशी एक सोयीस्कर समजूत समाजाने करून घेतली आहे. वास्तविक धुरातला काही भाग कधीच विरत नाही. तो धातू असतो.

तंबाखू म्हटले की निकोटिन आणि कर्करोग हे दोन शब्द आठवतात. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, निकेल आणि क्रोमियम ही नावे मात्र क्वचितच उच्चारली जातात. जमिनीतील कॅडमियम शोषून ते पानांत साठवण्याचा गुणधर्म तंबाखूच्या झाडात उपजतच आहे. फॉस्फेटयुक्त खतांतून त्यात भर पडते. पान जळाले तरी धातू जळून नष्ट होत नाही. झुरका घेताना सिगारेटच्या टोकाचे तापमान 900 अंश सेल्सियसच्या आसपास जाते. कॅडमियम त्याच्या आधीच, सुमारे 767 अंशांवर उकळते. त्याची वाफ होते, ती थंड होताच धुराच्या अतिसूक्ष्म कणांवर बसते आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचते.

एका सिगारेटमध्ये साधारण 1 ते 2 मायक्रोग्रॅम कॅडमियम असते आणि त्याचा सुमारे दहावा हिस्सा ओढणाऱ्याच्या छातीत जातो. हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण अन्नातून पोटात गेलेल्या कॅडमियमपैकी जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास शरीरात मुरते, तर श्वासावाटे आलेल्यापैकी त्याच्या कितीतरी पट. शिवाय एकदा मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे होण्यासच 10 ते 30 वर्षे लागतात. धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात ते इतरांच्या चार-पाच पट आढळते, यात नवल नाही.

खरा घाव बसतो तो श्वासमार्गाच्या अस्तरावर. या अस्तरावर सूक्ष्म रोमांची दाट पेरणी असते. सेकंदाला दहा-बारा वेळा लवणारे हे रोम श्लेष्म्यात अडकलेली धूळ आणि जंतू घशाकडे ढकलत राहतात. निसर्गाने नेमलेला हा रात्रंदिवसाचा पहारा आहे. धुराच्या माऱ्याने रोम आधी मंदावतात, मग झडतात. कालांतराने रोमधारी पेशींच्या जागी चपट्या, रोमहीन पेशी वाढू लागतात. पेशींतील मीठ-पाण्याचा समतोल राखणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण आर्सेनिक आणि कॅडमियममुळे घटते, असे प्रयोगशाळेतील संशोधनात दिसून आले आहे. त्यामुळे श्लेष्मा घट्ट होतो आणि जंतूंना आयते घर मिळते. ‘सिगारेटचा खोकला’ म्हणून हसण्यावारी नेला जातो, तो हा पहारा मोडल्याचा इशारा असतो.

कॅडमियमचे कपट याहून खोल आहे. ते जस्ताचे सोंग घेऊन पेशीत शिरते आणि जनुकांची डागडुजी करणाऱ्या प्रथिनांतील जस्ताची जागा बळकावते. आर्सेनिक आणि निकेलही याच दुरुस्तीत अडथळा आणतात. धुरातील इतर रसायने जनुकांवर घाव घालीत असताना दुरुस्ती करणाराच जायबंदी व्हावा, यापरते दुर्दैव कोणते? कॅडमियम, आर्सेनिक, निकेलची संयुगे आणि षट्संयुजी क्रोमियम यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे, ते उगाच नव्हे.

जपानमधील जिंझू नदीत खाणीतून वाहून आलेल्या कॅडमियमने भाताची शेते नासली आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. त्या ‘इताई-इताई’ रोगाला 1968 मध्ये तेथील सरकारने प्रदूषणजन्य व्याधी म्हणून मान्यता दिली. भारतातही 1948 च्या कारखाने अधिनियमाने शिसे आणि आर्सेनिकच्या विषबाधेची खबर सरकारला देणे बंधनकारक केले. म्हणजे खोपटजवळच्या वागळे इस्टेटमधील कामगाराला ज्या धातूपासून वाचविण्यासाठी कायदा झाला, तोच धातू पाळी संपल्यावर त्याला टपरीवर पैसे मोजून मिळतो. ही विसंगती कोणाला खटकू नये?

‘विडी साधी, नैसर्गिक’ असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. निपाणीच्या मातीतली तंबाखू असो वा परदेशातली, झाड धातू शोषतेच. उलट विडी वारंवार विझते, म्हणून झुरके अधिक जोराने ओढावे लागतात. विडी वळणाऱ्या हातांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि पर्यायी रोजगार देऊनच तो सोडवावा लागेल. पण त्यांच्या गरिबीची ढाल करून विषाचे समर्थन होऊ शकत नाही.

2003 च्या कायद्यात पाकिटावर निकोटिन आणि टार यांचे प्रमाण छापण्याची तरतूद केली गेली. धातूंना त्यात जागाच नाही. 2004 मध्ये भारताने मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारात मात्र तंबाखूतील घटकांची आणि धुराची तपासणी व प्रकटीकरण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा धुरातील धातू मोजावेत आणि ग्राहकाला त्यांची नावे सांगावीत, ही मागणी अवास्तव नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर मनाई आहे. बसस्थानकेही त्यातून सुटलेली नाहीत. तिची अंमलबजावणी केवळ पाटीपुरती उरू नये.

तथापि कायद्याचा हात घराच्या उंबरठ्याशी थांबतो. ओढणाऱ्याच्या मुखातील धुरापेक्षा जळत्या टोकावरून सुटणाऱ्या धुरात कॅडमियम अधिक असते आणि दोन खोल्यांच्या घरात तो धूर जातो कोठे? गॅलरीत उभे राहून ओढणाऱ्या वडिलांचीही त्यातून सुटका नाही. समाधानाची बाब एवढीच, की व्यसन सुटल्यावर काही महिन्यांत रोम पुन्हा कामाला लागतात. मुरलेला धातू लगेच जात नाही, पण नवा येणे तरी थांबते. शरीर आपला पहारा पुन्हा उभारायला तयार असते. त्याला साथ द्यायची की नाही, याचा निर्णय पुढची काडी ओढण्यापूर्वीच व्हायला हवा.