फॅन बंद पडला? आधी ‘बघायचे पैसे’ घ्या

मागच्या एप्रिलमध्ये भर दुपारी एक गाडीवाले दादा माझ्या दुकानात आले. रेडिएटर फॅनची जुनी मोटर काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “हिला काय झालं होतं, तेवढं सांगा की ओ.” मी बॅटरी काढून दोन वायरी लावल्या. मोटर गरगरा फिरली. तिला काहीच झालं नव्हतं.

तिच्या जागी बसवलेली नवीन मोटर मीच विकली होती, २,६०० रुपयांना. मग रिले, १८०. मग टेम्परेचर सेन्सर, ६५०. घेणारा होता नुकतंच गॅरेज टाकलेला एक पोरगा. तीन दिवसांत तीनदा आला. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं, की हा अंदाजानं पार्ट बदलतोय. खरं सांगतो, मी गप्प बसलो आणि बिल फाडलं. इलेक्ट्रिक पार्ट परत घेतला जात नाही, ही पाटी माझ्याही दुकानात आहेच.

दोष निघाला कुठं? फॅनची अर्थची वायर बॉडीला जिथं बोल्टनं धरलेली असते, तिथं गंज. एका जुन्या वायरमननं वीस मिनिटांत शोधला, पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला आणि ३०० रुपये घेतले. दादांनी ते ३०० खुशीनं दिले. राग होता तो ३,४३० चा. अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर ट्रिपा मारणारा माणूस, स्वामींच्या पुण्यतिथीची गर्दी, आणि गाडी तीन दिवस उभी.

आता त्या पोराचं नेमकं चुकलं कुठं, ते बघा. त्यानं बॅटरीवरून मोटरला फक्त पॉझिटिव्ह दिला. फॅन फिरला नाही, म्हणून त्यानं मोटर गेली असं ठरवलं. पण अर्थच तुटलेली असेल तर नवी मोटर तरी कशी फिरणार? बॅटरीवरून दोन्ही वायरी थेट मोटरला दिल्या असत्या तर दोन मिनिटांत कळलं असतं, की मोटर ठणठणीत आहे आणि घोळ वायरिंगमध्ये आहे. फॅनला सप्लाय असताना त्याची अर्थ वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मल्टिमीटर लावला, तर जवळपास शून्य दिसायला पाहिजे. तिथं चार-पाच व्होल्ट दिसले, की समजा अर्थ खराब.

अँबॅसिडरच्या काळात हा प्रश्नच नव्हता. फॅन बेल्टवर, इंजिन चालू की फॅन चालू. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. इंजिन आडवं, फॅन विजेवर. तेव्हापासून फॅन ही एकटी वस्तू राहिली नाही. सेन्सर किंवा स्विच सांगणार, रिले ओढणार, फ्यूजमधून करंट येणार, मग मोटर फिरणार. साखळीतली कुठलीही कडी तुटली तरी गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं: “फॅन फिरंना.”

म्हणून पान्याला हात लावायच्या आधी तोंड उघडा. गाडी गरम कुठं होते, हे विचारा. हायवेला काटा जागेवर आणि सात रस्त्याच्या सिग्नलला वर चढतो, तर फॅनकडे बघा, कारण पळत्या गाडीत वारा फॅनचं काम करत असतो. हायवेलाही चढत असेल तर फॅनच्या मागं लागू नका. कूलंट कमी, थर्मोस्टॅट अडकलेला, पंप कमजोर किंवा रेडिएटर चोंदलेला असू शकतो. (बोअरचं पाणी ओतू नका म्हणून किती सांगायचं!) मग एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन चालू होतो. एसीवर फिरला आणि एरवी नाही, तर मोटर चांगली आहे, सेन्सरच्या बाजूला बघा. एसीवरही नाही, तर फ्यूज, मग त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघा, मग कपलर आणि अर्थ. आणि पातळी आधी बघाच. कूलंट खाली गेलं, की सेन्सरला नुसती वाफ लागते, तो खरी गरमी सांगत नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आणि चावी बंद असली तरी काही गाड्यांत फॅन अचानक सुटतो, बोटं सांभाळा.

एवढं सगळं करायला टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर आणि अर्धा तास लागतो. आणि इथंच माझं म्हणणं आहे. त्या अर्ध्या तासाचे पैसे आपण मागत नाही, म्हणून तो अर्धा तास आपण देत नाही. पार्टवर मार्जिन आहे, तपासणीवर नाही, मग हात आपोआप पार्टकडे जातो. माणूस खोटा नसतो, त्याच्या धंद्याची मांडणी त्याला तसं करायला लावते. मिक्सर, आरओ, मोबाईल, कुठलंही रिपेअरिंग घ्या, तेच चाललंय.

तर २००-३०० रुपये तपासणी ठेवा, गाडी आत घेण्याआधी सांगा. बरेच जण म्हणतात, काम दिलं तर ते बिलातून वजा करू. माझा याला विरोध आहे. वजा केलं की तपासणी फुकट आहे हेच तुम्ही पुन्हा शिकवलं, आणि वजा झालेले पैसे पार्टमधून काढायचा मोह होतोच. “नुसतं बघायचे पैसे?” असं म्हणत दोन गिऱ्हाइकं निघून जातील. जाऊ द्या, असं मी सहज म्हणणार नाही. नव्या गॅरेजला पहिल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकं म्हणजे भाड्याचा प्रश्न असतो. पण चुकीच्या मोटरनं जे गिऱ्हाईक जातं, ते रिक्षा स्टँडवर दहा जणांना सांगून जातं.

त्या पोरानं दादांना मोटरचे पैसे परत दिले. निम्मे मी दिले. आता माझ्या काउंटरवर बॅटरी कायम ठेवलेली असते. फॅन मोटर मागायला कुणी आलं, की मी आधी जुनी मागतो आणि लावून बघतो. मे महिन्यात मोटरी कमी विकल्या गेल्या, रिले आणि कपलर जास्त.