सुटकेनंतरची वर्षे

३० जुलै हा मानवी तस्करीविरोधी जागतिक दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ साली तो जाहीर केला. छापा पडला, इतक्या जणींची सुटका झाली, दलाल गजाआड गेले, अशा बातम्या आपण वर्षभर वाचतो. सुटलेल्या बाईचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही. पुणे जिल्ह्यातल्या आपल्या शिक्रापूरकरांनी तरी ते विचारावे. त्याचे एक जुने उत्तर शेजारच्या दौंड तालुक्यात आहे.

न्हावरे-चौफुल्याच्या रस्त्याने केडगाव गाठले की पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. निराधार मुलींना आणि तरुण विधवांना हेरणारी माणसे त्यांनी तेथे पाहिली. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळातच गमावली होती. भुकेचा फायदा कोण कसा उठवतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांहून अधिक जणी राहत होत्या. नासवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळे 'कृपासदन' होते. धर्मांतरावरून रमाबाईंवर टीकेची झोड उठली. तो वाद आपल्या जागी. पण शेती, गोठा, विणकाम, छापखाना, अक्षरओळख असे हाताला काम आणि डोक्याला विचार देणारे जग त्यांनी माळावर उभे केले, आणि त्यात वर्षानुवर्षे राहण्याची सोय होती.

आज कायदा आहे, पैसाही आहे. वेठबिगारांच्या पुनर्वसनाच्या केंद्रीय योजनेत, कुंटणखान्यातून किंवा तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांना आणि मुलांना तीन लाखांपर्यंत मदत मिळू शकते. त्यातले तीस हजारांपर्यंत तातडीने. उरलेली रक्कम बव्हंशी खटल्याच्या निकालाशी बांधलेली. निकाल लागेपर्यंत तिने जगायचे कशावर? रात्री दार वाजले तरी छातीत धस्स होते, झोप लागत नाही. जरा घडी बसते तोच समन्स येते आणि त्याच आरोपीसमोर सगळे पुन्हा सांगावे लागते. हे दुखणे तीन महिन्यांच्या शिवणक्लासने बरे होत नाही. तिला कोंडून ठेवणे हाही उपाय नव्हे. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात डांबता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले. हवे तितके राहता यावे आणि हवे तेव्हा निघता यावे, असा निवारा आणि सोबत वर्षानुवर्षे भेटणारी एकच ओळखीची समुपदेशक, एवढे तरी सरकारने द्यायला हवे.

बाकीचे आपल्या हातात आहे. सणसवाडीपासून रांजणगावपर्यंत कारखानेच कारखाने आहेत. ठेकेदाराच्या टेबलावर आधार, पासबुक, पत्त्याचा पुरावा मागतात, मग प्रश्न येतो, "याआधी कुठे होतीस?" तिथेच ती माघारी फिरते. ग्रामपंचायतीने तिला कागदपत्रे मिळवून द्यावीत. कारखानदारांनी थोड्या जागा राखाव्यात, आणि तो प्रश्न विचारू नये. खोली भाड्याने देणाऱ्यांनीही विचारू नये.