जुनं घ्यायला लाज कशाची?



ढोकीला आई जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून स्टीलचे डबे घ्यायची. पण दुसऱ्याचं वापरलेलं घरात आणणं म्हणजे कमीपणा, असं आमच्या मनात पक्कं बसलेलं.

लेस्टरला आल्यावर शेजारणीने चॅरिटी शॉप दाखवलं. लोकांनी दान दिलेल्या वस्तू तिथे विकतात आणि ते पैसे संस्थेच्या कामाला जातात. मला आत जायचा संकोच वाटला. मग आठवलं, इथलं आपलं मंदिरसुद्धा जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. १९८८ साली तिथे प्रतिष्ठा झाली. मग माझी खुर्ची जुनी असली तर काय बिघडलं?

पर्स चामड्याची नाही ना, कापडात रेशीम नाही ना, एवढं मी पाहून घेते. स्वयंपाकाची भांडी मात्र नवीच. आधी त्यांत काय शिजलं, कोण जाणे!

खरा धोका स्वस्ताईचा. दोन पौंडांत मिळतं म्हणून पहिल्या वर्षी घरात तीन टेबलं जमली. स्वस्तातला असला तरी तो परिग्रहच ना? म्हणून परिमाण करताना मी किंमत नाही, वस्तू मोजते. एक आली की एक त्याच दुकानात दान करते.

तुम्हीही एकदा कपाट उघडून मोजून बघा.