श्रेय कोणाचें?

ऑस्ट्रियाच्या पावलाटानें १९२७ सालीं उलटलेली कयाक-नौका आंत बसूनच सरळ केली आणि तेव्हां ही विद्या जन्मली, असें मानणारे लोक अजून आढळतात. पावलाटाचें कौतुक आम्हांसही आहे. गुरूवांचून, ग्रंथांतील वर्णनें वाचून त्यानें ती साधली असें सांगतात. पण ग्रंथांत वर्णनें होतीं, याचाच अर्थ विद्या आधीं होती. पुस्तक वाचून पोहावयास शिकलेल्यास पोहण्याचा जनक कोणी म्हणत नाहीं. मग येथेंच न्याय कां बदलावा?

मोरेव्हियन पंथाच्या डेव्हिड क्रान्त्सनें ग्रीनलंडचा इतिहास १७६५ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध केला. त्यांत तेथील शिकाऱ्यांच्या उलटून सावरण्याच्या दहा रीति दिल्या आहेत. वल्हें हातीं असतां काय करावें, तें हातून सुटलें तर काय, भाला फेकण्याच्या फळीनें किंवा नुसत्या तळहातानें कसें उठावें, हें सारें त्यांत आलें आहे. ही योगायोगानें सुचलेली युक्ति नव्हे; संकटांचे प्रकार पाडून प्रत्येकावर उपाय बसविणारें हें शास्त्र आहे. पावलाटापूर्वीं १६२ वर्षें तें छापून पडलें होतें!

दुसरा पक्ष अधिक सभ्य, पण तितकाच उथळ. तो म्हणतो, थंडीनें ही विद्या शिकविली. गरज ही शोधाची जननी. थंडी तर सगळ्याच उत्तर ध्रुवप्रदेशांत होती. मग विद्येची सर्वांत समृद्ध नोंद ग्रीनलंडचीच कां? कारण तेथें शिकारी खुल्या समुद्रांत सील मारी, आणि भाल्याची दोरी अडकली कीं नाव उलटे. अंगांत कातड्याचा ‘तुइलिक’. तो चेहऱ्याभोंवतीं, मनगटांवर व नावेच्या कडेस घट्ट बांधलेला. पाणी आंत शिरत नसे. पण माणूसही चटकन् बाहेर पडूं शकत नसे, आणि पडला तरी त्या पाण्यांत वांचणें कठीण. वाहून आलेल्या लांकडाचा सांगाडा त्याच्याच अंगाच्या मापानें बांधलेला, त्यावरचें कातडें स्त्रियांनीं शिवलेलें. नाव, वस्त्र आणि देह हें एकच यंत्र होतें.

आणि तें यंत्र चालविण्याची रीत पाहा. वल्ह्याचें पातें पाण्याच्या पृष्ठभागावरून फिरवावयाचें, कंबरेनें आधीं नाव वळवावयाची, आणि डोकें सर्वांच्या शेवटीं वर काढावयाचें. गुदमरणाऱ्याची सहजप्रवृत्ति नेमकी उलट. तो डोकें आधीं उचलतो आणि पुन्हा बुडतो. म्हणजे गरज येथें माणसास बुडविते. तारते ती लहानपणापासूनची शिकवण. ज्यास शिकवणीवांचून गत्यंतर नाहीं, त्यास निसर्गाची देणगी म्हणणें म्हणजे शिकविणाऱ्यांचा मान हिरावून घेणें होय.

पहिला शोधक कोण, असा प्रश्न येईल. लांकूड आणि हाड जमिनींत राहतें. हालचाल राहत नाहीं. म्हणून त्याचें नांव कधींच सांपडणार नाहीं. पण नांव नाहीं म्हणून बुद्धि नव्हती, हा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्राचा? बंदुका आणि यंत्रनौका आल्यावर ही विद्या मागें पडली. तरी १९८० नंतरच्या दशकांत ग्रीनलंडच्या लोकांनींच संघ काढून ती पुन्हा उभी केली, आणि आज तिच्या स्पर्धा होतात. वारसा कोणाचा, हें त्यांस ठाऊक आहे. इतरांनीं निदान आपल्या पुस्तकांत तितकें लिहावें.