वही एकेरी, तोटा दुहेरी

आपल्यापैकी जे हिशेब ठेवतात, ते जमाखर्चाच्या एकाच वहीत. आला पैसा जमेला, गेला पैसा खर्चाला. यालाच एकेरी नोंद म्हणतात. पद्धत सोपी; मुनीम लागत नाही, शाळेत जाणारी लेकही लिहू शकते. काहीच न लिहिण्यापेक्षा केव्हाही बरी.

पण या वहीत दिसतो तो फक्त रोकडा. घरच्यांची निंदणी-वेचणी, घरचे शेणखत, बैलजोडीची मेहनत, ज्वारीचा कडबा यांना तिथे जागा नाही. उधारीचे खत-बियाणे दुकानदाराच्याच खात्यात. तो सांगेल तो आकडा खरा. दुहेरी नोंदीत प्रत्येक व्यवहार एकदा नावे, एकदा जमा लिहितात. बेरजा जुळल्या नाहीत तर चूक उघडी पडते. एकेरीत ही सोय नाही. म्हणून कापूस विकल्यावर हाती येते ती सगळी रक्कम नफाच वाटते.

कृषिमूल्य आयोग घरचे खत आणि बैलांची मेहनत ए-२ खर्चातच धरतो. त्यात घरची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरले की सी-२. आपली वही ए-२ पर्यंतही पोचत नाही. मग सी-२ वर भाव मागताना पुरावा कोणता दाखवणार?

आमचे सांगणे एवढेच: त्याच वहीत तीन पाने वाढवा. एक उधारीचे, एक घरच्या मजुरीचे, एक मृगाला आणि हंगामअखेर घरात असलेला माल, जनावरे व देणे यांचे. पुढच्या बैठकीला वही सोबत आणा.