विश्लेषण : मूठ छोटी, नळी लांब, बजेट कमी... बीडमध्ये पिस्तूल नेमकं निवडतं कोण?

कमरेला सहज बसेल इतकं आटोपशीर, नेम मात्र मोठ्या पिस्तुलासारखा आणि किंमत खिशाला झेपेल अशी. यूट्यूबवर अमेरिकी परीक्षणं पाहणाऱ्यांमध्ये अशा 'कॉम्पॅक्ट लाँग-स्लाइड' पिस्तुलांचं आकर्षण मोठं आहे. बीड जिल्ह्यात हे आकर्षण मोबाइलच्या पडद्यापुरतं राहत नाही. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा आकडा समोर आला, तो बाराशेच्या वर होता. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी त्याच वेळी शेजारच्या परभणीचा आकडा ३२ आणि अमरावतीचा २४३ असल्याचं सांगितलं, तेव्हा राज्यभर भुवया उंचावल्या.

पुढे प्रशासनाने फेरआढावा घेतला आणि २०२५ च्या सुरुवातीला शंभराहून अधिक परवाने रद्द केले. तरीही 'कोणतं घ्यावं?' हा प्रश्न संपलेला नाही. त्याचं उत्तर शोधायला निघालं की लक्षात येतं, निवडीला फारशी जागाच नाही. कायदा, आयात धोरण आणि कर यांनी ती बरीचशी आधीच करून ठेवली आहे. जेवढी उरते, त्यात कमरेचं पिस्तूल हा बहुतेकांसाठी सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा पर्याय ठरतो.

लांब स्लाइडने फरक काय पडतो?

पिस्तुलाच्या वरचा जो पोलादी भाग गोळी सुटल्यावर मागे जाऊन पुन्हा पुढे येतो, ती स्लाइड. ती लांब असली की आतली नळीही साधारण लांब असते. मूठ मात्र छोटी ठेवली जाते, कारण शर्टाखालून बाहेर दिसते ती मूठ. स्लाइड तर पँटच्या आत जाते. ग्लॉक कंपनीचं '४८' हे मॉडेल याचं सोपं उदाहरण. '४३एक्स'चीच मूठ, वर लांब स्लाइड.

फायदा दोन प्रकारचा. पहिला नेमाचा. पुढची आणि मागची निशाण्याची खूण यांच्यात १० सेंटिमीटर अंतर असेल आणि त्या जुळवताना १ मिलिमीटरची चूक झाली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर १५ सेंटिमीटर केलं तर तेवढ्याच चुकीला गोळी साधारण पावणेसात सेंटिमीटर भरकटते. शाळेतल्या समरूप त्रिकोणांचं हे गणित आहे. दुसरा फायदा वेगाचा. नळी लांब म्हणजे पेटलेल्या दारूच्या वायूला गोळी ढकलायला थोडं अधिक अंतर मिळतं. पण काडतूसच छोटं असेल, तर हा फायदाही छोटाच राहतो.

हे सगळं कागदावर. हात थरथरत असताना, अंधारात, समोरचा माणूस तीन-चार मीटरवर असताना नळीच्या लांबीपेक्षा सरावाचा फरक जास्त पडतो. आणि बीडमध्ये परवानाधारकाला नियमित सराव करायचा म्हटलं, तर रेंज शोधण्यापासून सुरुवात आहे.

भारतात असं पिस्तूल मिळतं का?

थोडक्यात उत्तर : व्हिडिओत दिसतं तसं नाही. ती पिस्तुलं बहुतेक ९ एमएमची असतात आणि ९ एमएम हा भारतात प्रतिबंधित बोअर आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यावर तो घेता येत नाही. परदेशी पिस्तूल मागवण्याचा रस्ता सामान्य परवानाधारकासाठी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत मिळते. म्हणूनच आजोबांच्या काळातलं जुनं विलायती पिस्तूल आजही लाखांत विकलं जातं. तिथे किंमत लोखंडाची नसते, दुर्मीळपणाची असते.

उरतं ते प्रामुख्याने .३२ बोअर. त्यात सरकारी कारखान्यांचं 'अशनी' हे पिस्तूल आहे (अशनी म्हणजे वीज, नाव ठेवणाऱ्याने कसूर केलेली नाही). बाकी गर्दी रिव्हॉल्व्हरची. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' महिलांसाठीचं हत्यार म्हणून गाजलं होतं. वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने 'प्रबल' आणलं. नळी ७६ मिलिमीटर, वजन सुमारे ७०० ग्रॅम आणि ५० मीटर पल्ल्याचा दावा. खासगी क्षेत्रात वेब्ली अँड स्कॉट हे ब्रिटिश नाव २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात उत्पादन सुरू करून परतलं, तेही .३२ रिव्हॉल्व्हर घेऊनच, दीड लाखाच्या पुढच्या किमतीला. स्वस्तात बसणारं एकच नाव कानावर येतं, ते .२२ बोअरचं 'निडर'. अडीचशे ग्रॅमचं, बाजारात आलं तेव्हा ३५ हजारांच्या आसपास.

रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते, फिरतं चक्र असतं. त्यामुळे 'लाँग-स्लाइड' शोधणाऱ्याला इथे मिळणारी जवळची गोष्ट म्हणजे जरा लांब नळीचं रिव्हॉल्व्हर. शिवाय .३२ पिस्तुलाचं आणि .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस एकच नव्हे. आकडा सारखा दिसतो म्हणून नातेवाइकाच्या हत्याराची काडतुसं आपल्याला चालतील, असं धरून चालू नये.

बजेट जातं कुठे?

जीएसटी परिषदेच्या सप्टेंबर २०२५ च्या बैठकीनंतर टीव्ही, छोट्या गाड्या स्वस्त झाल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरचा कर मात्र २८ वरून थेट ४० टक्क्यांवर गेला, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. खासगी वापराची विमानं, ऐषआरामी नौका आणि पान मसाला ज्या गटात आहेत, त्याच गटात आता रिव्हॉल्व्हरही आहे. मूळ किंमत एक लाख धरली, तर पूर्वी १ लाख २८ हजार लागायचे, आता १ लाख ४० हजार लागतात. आत्मरक्षणाचं साधन चैनीच्या वस्तूंत टाकणं योग्य की नाही यावर वाद होऊ शकतो. बीडमधल्या लग्नाच्या वराती पाहिलेल्या माणसाला मात्र तो निर्णय अगदीच चुकीचा वाटणार नाही.

परवान्याची फी या रकमेपुढे किरकोळ आहे. खरा खर्च त्यानंतरचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराला शस्त्र सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि हत्यार घरात कुलूपबंद ठेवण्याची सोय दाखवावी लागते. म्हणजे चांगली तिजोरी आली, होल्स्टर आलं, काडतुसं आली. किती काडतुसं घेता येतील, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. पाच वर्षांनी नूतनीकरण. दीड लाखाचं बजेट असेल, तर हत्यारासाठी त्यातले फार तर लाख-सव्वा लाख धरावेत.

'एवढं कशाला?' म्हणून दुसरी वाट दाखवणारेही भेटतात. जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशातलं उमर्टी गाव गावठी कट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. पुणे पोलिसांनी २०२५ मध्ये तिथे जाऊन कारवाईही केली. विनापरवाना हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, दाब सहन न करणाऱ्या पोलादाची नळी हातातच फुटू शकते. कट्टा स्वस्त पडतो हा हिशेब इथेच संपतो.

मग बीडमध्ये घ्यावं कुणी?

गरज खरी असलेले लोक जिल्ह्यात आहेत. ऊसतोडीच्या हंगामाआधी मजुरांची उचल वाटायला लाखोंची रोकड घेऊन फिरणारा मुकादम आहे, सराफ आहे, वस्तीवर एकटं राहणारं शेतकरी कुटुंब आहे. भीतीही खोटी नाही. जून २०२४ मध्ये परळीत मरळवाडीच्या सरपंचांचा गोळ्या झाडून खून झाला होता. पण देशमुख यांच्या हत्येत पिस्तूल वापरलं गेलं नव्हतं. भरदिवसा रस्त्यावरून उचलून नेऊन केलेल्या अमानुष मारहाणीत त्यांचा जीव गेला. अनेकांनी घेरून गाडीत कोंबलेल्या माणसाच्या कमरेला काही असतं, तर ते त्याच्या हाती राहिलं असतं की त्यांच्या, याचा विचार विकत घेणाऱ्याने करायला हवा.

दुसरी अडचण निवडणुकीची. आचारसंहिता लागली की छाननी समिती नावं काढते आणि ज्यांची निघतात त्यांना हत्यार पोलिसांकडे जमा करावं लागतं. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता लागल्या. गावात तणाव सगळ्यात जास्त असतो ते हेच दिवस.

कायद्यात एक बारकावा आहे, त्याची चर्चा कुणी करत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ हत्यारांमध्ये फरक करतं. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक आत्मरक्षणासाठी किंवा पीक राखायला ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाकडे ते उदारपणे पाहतं. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र 'सबळ कारण' पटवून द्यावं लागतं. वस्तीवरच्या कुटुंबाला धोका असेल, तर भिंतीवरची बारा बोअर बंदूक जास्त कामाची आहे. ती चालवायला सोपी आहे आणि दारात उभं राहिलं तरी समोरच्याला दिसते. तिच्यात एकच उणीव आहे. ती कमरेला लावून तहसील कार्यालयात चहा पिता येत नाही.

बाराशेच्या आकड्यामागचं खरं कारण इथेच असावं. परवाना मागताना कारण 'जीविताला धोका' असतं आणि मिळाल्यावर उपयोग रुबाबाचा होतो. नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी छोटं हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं हवं. ते परजणं किंवा लग्नात बार काढणं याला सक्त मनाई आहे. आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. डिसेंबर २०२४ मध्ये परळीत हवेत गोळीबार करतानाचा व्हिडिओ पसरला आणि गुन्हा दाखल झाला. लांब स्लाइडचा नेमाचा फायदा आकाशाकडे तोंड करून मिळत नाही.

मुकादम किंवा सराफासारख्या माणसाने घ्यायचंच ठरवलं, तर हलकं, साधं .३२ रिव्हॉल्व्हर पुरेसं आहे. अडकलं तर दुसऱ्यांदा घोडा दाबला की पुढचं काडतूस समोर येतं, पिस्तुलात मात्र स्लाइड हाताने ओढावी लागते. नळी अर्धा इंच जास्त की कमी यावर घासाघीस करण्यापेक्षा ते पैसे प्रशिक्षणात घालावेत. त्याहून आधी रोकड कमी करावी. उचल बँक खात्यात दिली तर बंदुकीचं निम्मं कारणच उरत नाही.

परवाना रद्द झाला, तर विभागीय आयुक्तांकडे छत्रपती संभाजीनगरला अपील करता येतं. तोवर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावं लागतं. अपील फेटाळलं गेलं, तर ते दुसऱ्या परवानाधारकालाच विकता येतं. आणि फेरआढाव्यानंतरच्या बीडमध्ये विकणारे अनेक असताना नवा परवाना हातात असलेला ग्राहक सापडणं सोपं नाही.